बझर वाजत नाही

गाड्यांना सीट कव्हर, हॉर्न, दिवे असलं सगळं बसवून देणाऱ्या त्या दुकानात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे कानसेन म्हणत. दारातला सुटलेला स्क्रू असो की डॅशबोर्डमागची किरकिर, गाडी आत शिरता शिरता हा पठ्ठ्या नेमकी जागा सांगायचा. चोवीस वर्षं त्याने कानांच्या जोरावर मिशीला पीळ दिला. कान काय, कुणाच्या बापाचे कायमचे असतात? पण ते त्याला कोण सांगणार!

पार्किंग सेन्सर बसवण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मागच्या बंपरला मापून चार भोकं, चार सेन्सर, रिव्हर्सच्या दिव्यावरून वायर आणि मागच्या काचेपाशी बझर. "खरंच उपयोग होतो का हो?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की तो प्रामाणिकपणे सांगे, "भिंत सांगतो, दुसऱ्याची गाडी सांगतो. बारीक सळई नि खड्डा नाही सांगत. पण ज्याची मान वळत नाही त्याने डोळे झाकून बसवावा."

मग चाचणी. गिऱ्हाईक आत, इंजिन बंद, रिव्हर्स गिअर टाकलेला. हा मागून स्टूल सरकवत बंपरजवळ आणायचा आणि आरशात गिऱ्हाइकाचा चेहरा बघायचा. चेहरा दचकला, मान डोलली, की काम फत्ते. दोन वर्षं तो असा चेहऱ्यावरच चालला होता, कारण बझरचा बारीक आवाज त्याला येतच नव्हता. जाडे आवाज यायचे, माणसांचं बोलणं ओठांवरून जुळवता यायचं. मालकाला कळलं तर वायरिंगचं टेबल सुटणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या दिवशी एक निवृत्त मास्तर आले. मान आखडलेली. इतकी वर्षं त्यांची बायको खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या, बस!" करायची. ती गेली आणि महिन्याभरात गेटचा खांब दोनदा लागला. लेकीने बजावलं, सेन्सर बसवा नाहीतर किल्ली द्या.

सेन्सर बसला. स्टूल सरकलं. मास्तरांचा चेहरा ढिम्म.

"वाजला?"

"नाही बुवा."

बझरच बिघडलेला, त्याने ठरवलं. दुसरा लावला. ढिम्म. तिसरा लावला, वायरी पुन्हा तपासल्या, घाम पुसला, बझर बनवणाऱ्याला दोन शिव्या हासडल्या. स्टूल बंपरला टेकलेलं आणि मास्तर आत फोटो काढायला बसावं तसे शांत.

तेवढ्यात मालक कानांवर हात ठेवून काउंटरवरून धावत आला आणि त्याचा खांदा धरून ओरडला, "अरे, बंद कर ते! दहा मिनिटं झाली कोकलतंय! रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली!"

आधी मास्तर हसले. "म्हणजे दोघंही ठार बहिरे! माझं ठीक आहे, वयच झालं." कानसेनला हसू आलं नाही. मालकालाही नाही. तो आधी बझरकडे बघत होता, मग याच्याकडे.

मास्तरांची सोय मालकाने पाच मिनिटांत लावली. "तुम्हाला कॅमेरा बसवू, मास्तर. मागचं सगळं पडद्यावर दिसेल, ऐकायचं कामच नाही." तो बसवायला मालकाने शेजारच्या दुकानातला फिटर बोलावला. याला बाजूला घेतलं आणि मोठ्याने, पण मायेने म्हणाला, "उद्यापासून सीट कव्हर बघ. मनावर घेऊ नकोस." सीट कव्हरला कान लागत नाहीत. चोवीस वर्षांचा निकाल एका स्टुलाने लावला, आणि संताप काढावा तर समोर शत्रूही नाही. मायेने दिलेली शिक्षा फार झोंबते.

संध्याकाळी घरी बायको भाजी चिरत होती.

"मला कमी ऐकू येतं," चोरी कबूल करावी तसा तो म्हणाला.

"माहीत आहे."

त्याचं डोकंच भडकलं. स्वतः दोन वर्षं लपवलेलं, ते राहिलं बाजूला. "माहीत होतं तर डॉक्टरकडे चला म्हणून कधी बोलली का नाहीस? कानाला मशीन लावलं असतं! आज माझं टेबल गेलं!"

तिने सुरी खाली ठेवली, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि एकेक शब्द सुटा केला.

"बोलले होते. तीनदा. तिन्ही वेळा तुम्ही 'हो' म्हणालात."