घंटेभोवतीचे फास

तित्तर ओरडला की अजून माझी नजर जमिनीकडं जाते. निजामाचं राज्य होतं, परंड्याकडच्या माळावर आम्हा पारध्यांची पालं होती. बापाकडं पिंजऱ्यात एक पाळलेला तित्तर होता. तो ओरडायचा, रानातले तित्तर धावत यायचे आणि भोवती मांडलेल्या घोड्याच्या केसांच्या फासांत अडकायचे. पटकीच्या साथीत आई-बाप दोघंही गेले, तेव्हा बोर्डिंगच्या शाळेतल्या बाई मला टांग्यातून घेऊन गेल्या. पहिल्याच सकाळी तिथं घंटा वाजली आणि चहूकडून पोरं धावत आली. मला लई नवल वाटलं. मी पाय उचलून उचलून टाकत घंटेखालची माती चाचपू लागले. "काय शोधती गं?" स्वयंपाकाच्या मावशीनं विचारलं. "फास." ती हसली. "हितं कुठला फास? जेवाय बोलवायची घंटा हाय ती." तरी कितीतरी दिवस मी शोधत होते, सापडला नाही. पुढच्या वर्षी बाईंनी मला टांग्यात बसवून दुसऱ्या पालांवर नेलं. "तुझ्या बोलीत हाक मार," म्हणाल्या. मी मारली. पोरं धावत आली. बाईंनी त्यातली काही टांग्यात बसवून बोर्डिंगात नेली, तेव्हा मला किती आनंद झाला होता, ते आज कुणाला सांगवत नाही.