तणाची राखण

माझा साडू नोकरीभर रुग्णालयाच्या धुलाईखान्यात होता. डाग दिसला की त्याच्या जिवाची घालमेल. जेवायला बसला की आधी ताट पुसायचा, मग वाढणाऱ्याकडे बघायचा. माझी मेहुणी म्हणायची, "यांना रानात सोडलं तर पानं पुसत बसतील." ती थट्टेनं म्हणायची, पण तिची वाणी खरी ठरली.

धुलाईखान्यामागं पालिकेची पडीक जागा होती, कमरेएवढं तण माजलेली. गल्लीतली पोरं चेंडू शोधायला आत शिरली ती सुरवंट घेऊन बाहेर आली. मग रोजच जायला लागली. मोठं माणूस सोबत हवं, म्हणून साडूच्या नातीनं निवृत्त आजोबांना ओढलं. आधी तो नाकाला रुमाल लावून कडेला उभा राहायचा. पुढं पोरांसारखाच वाकून पानामागची अंडी बघायला लागला. घरी येऊन सांगायचा, "आज आमच्यातल्या एकानं कात टाकली."

"तुम्ही कधी टाकताय?" मेहुणी विचारायची.

पालिकेला तिथं गाड्या उभ्या करायच्या होत्या. मात्र मुलांना निसर्गाजवळ नेणाऱ्या कामांना एक संस्था अनुदान देत होती. ते मिळालं तर जागा पोरांकडेच ठेवू, असं पालिकेनं कबूल केलं. अर्ज गेला, आणि पाहणीला संस्थेच्या बाई येणार असं कळलं.

आता साहेब येणार म्हटलं की आवार लखलखीत करायचं, हे आमच्या पिढीच्या हाडात मुरलेलं. आमच्या गावच्या शाळेत तपासणी होती तेव्हा आम्ही फळा धुतला, बाकं धुतली, आणि त्याच भरात गुरुजींची म्हैसही धुतली. साहेब आलेच नाहीत. म्हैस तेवढी खूश झाली.

साडूनंही तेच केलं. आदल्या दिवशी पोरं शाळेत असताना विळा घेतला आणि जमीन परातीसारखी साफ करून टाकली.

बाई आल्या. पायात जाड बूट, गळ्यात दुर्बीण. साडू कडक इस्त्रीच्या सदऱ्यात पुढं झाला.

"एक काडी सापडायची नाही, बाई."

"मी काड्याच बघायला आले होते," बाई म्हणाल्या.

मागं नात भिंग घेऊन उभी होती. "आबा, सगळे गेले?"

साडू वाकून उघड्या जमिनीवर एखादं पान उरलंय का ते शोधायला लागला.

बाईंनी बुटाच्या टोकानं माती उकरली. "मुळं शाबूत आहेत. पुन्हा वाढलं की येते, निर्णय तोवर थांबवते. फक्त हात लावू नका."

हात न लावणं हेच त्याला जड. रोज स्टूल टाकून, हात बगलेत दाबून बसायचा. कुणी पान तोडलं तर खेकसायचा. मला म्हणाला, "नोकरीत इतका दमलो नव्हतो."

"मग काही न करण्याचा पगार माग," मी म्हटलं.

बाई पुन्हा आल्या तेव्हा साडू तणातूनच बाहेर आला. सदऱ्याला कुसळं, बाहीवर हिरवा डाग, कॉलरवर सुरवंट. नातीनं सुरवंट उचलून पानावर ठेवला. बाई बराच वेळ आत फिरल्या आणि जाताना म्हणाल्या, "अनुदान मंजूर. कुंपणाचं बघायला लागा."

घरी मेहुणी सदरा भिजत घालायला निघाली.

"राहू दे," साडू म्हणाला. "उद्या परत तिथंच जायचंय."