आमच्या घरातल्या भाग्यवान बायका

भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी. दुपार. वारज्यातला काकांचा फ्लॅट. हजर: काका, काकू, त्यांची एकुलती मुलगी म्हणजे माझी धाकटी चुलत बहीण, तिच्या सासूबाई आणि मी. गुरुजी दक्षिणा घेऊन पुढच्या घरी गेलेले. माझा नवरा गैरहजर, कारण त्याला माझा बेत माहीत होता. "पानावर नको," असं तो सकाळी म्हणाला होता. "पानावरच," मी म्हणाले होते.

नवरा हयात असताना जी बाई जाते, तिच्या नावाने या दिवशी सवाष्णीला जेवू घालतात. आमच्याकडे हे आजीसाठी होतं. आजोबा गेल्यावर खरं तर ही नवमी थांबवतात. काकांनी थांबवली नाही. त्यांना तिचा अभिमान. "आमच्या घरातल्या बायका भाग्यवान. आई अहेव गेली, दोघी बहिणी अहेव गेल्या. कुंकू पुसायची वेळ एकीवरही आली नाही." हे वाक्य मी लहानपणापासून दर नवमीला खिरीबरोबर ऐकत आले.

थोरल्या आत्याची नवमी तिच्या सासरी बिबवेवाडीला होते, धाकट्या आत्याची लोणी काळभोरला. तीन घरं, तीन पानं, एकच दुपार. लग्न झालेली मुलगी दुसऱ्या घरची, म्हणून तिचं दुखणंही दुसऱ्या घरचं. ती तीन पानं शेजारी शेजारी मांडून कुणी पाहिलीच नाहीत. पाहिली असती तर कळलं असतं की आजी छातीतल्या गाठीने गेली, थोरली आत्या आतड्याच्या कॅन्सरने आणि धाकटी पुन्हा छातीच्याच. पन्नाशी तिघींपैकी कुणीच पाहिली नाही. भाग्य कसलं त्यात? नवऱ्यांना जास्त दिवस मिळाले, इतकंच.

मी ती पानं शेजारी मांडली, पण माझं ऑपरेशन झाल्यावर. डावा स्तन काढला. तेव्हापासून डाव्या हाताने भरला कुकर उचलायचा नाही, त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, डासही चावू द्यायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आईकडे कुणाला कॅन्सर होता?"

"कुणालाच नाही."

"वडिलांकडे?"

"आजीला."

"आणि आत्या?"

"आत्या लग्न होऊन गेल्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "लग्न झाल्यावर रक्त बदलतं का हो?"

रक्त तपासायला दिलं आणि कळलं. एका जनुकात बिघाड आहे, आजीकडून बाबांना आणि बाबांकडून मला आलेला. काही बिघाड असे असतात की त्यांच्यामुळे स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो आणि मोठ्या आतड्याच्याही. ज्याच्याकडे तो असेल त्याला कॅन्सर होतोच असं नाही. बाबांना काही झालं नाही, ते हृदयविकाराने गेले. पण ज्याच्याकडे तो असेल त्याने वेळेवर तपासण्या सुरू करायच्या असतात, आणि त्यासाठी आधी माहीत असावं लागतं.

ही बातमी मी पहिल्यांदा काकांना सांगितली. घरातले सगळ्यांत मोठे तेच, शिवाय काही वर्षांपूर्वी त्यांचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालेलं. निदान आम्हा सगळ्यांना त्यांनी मूळव्याध असंच सांगितलं होतं. माझं ऐकून त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, टीव्ही नाही.

"ते मूळव्याधीचं नव्हतं," ते म्हणाले. "आतड्याचं होतं. रक्तही तपासलं होतं माझं. तुझं निघालं तेच निघालं."

"डॉक्टरांनी घरच्यांना सांगायला सांगितलं असेल ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"तेव्हा धाकटीची स्थळं बघत होतो."

"पण माझं लग्न तर केव्हाच झालं होतं. मला का नाही सांगितलंत?"

काका शांतपणे म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू यादी करून सगळ्यांना फोन केले असतेस."

खरं आहे. केले असते. मी स्वतःही दर वर्षी तपासणी करून घेतली असती. माझी गाठ हरभऱ्याएवढी असतानाच सापडली असती, असं डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. मी सांगते.

मी काकांना एवढंच म्हणाले, "आता निदान तिला सांगा. तुम्ही सांगा, वडील म्हणून."

"बघू."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फोन करायचे. "सांगितलंत?" "बघू." गणपती येऊन गेले तरी बघणं संपेना. मग काकूंचा फोन आला. काकांच्या घरी नवमीची सवाष्ण दर वर्षी मी असायचे. काकू म्हणाल्या, "यंदा धाकटीला बसवू. तू आत्ताच दुखण्यातून उठलीस ना गं. सवाष्ण कशी धडधाकट हवी. तू आपली नुसती जेवायला ये."

"येते की," मी म्हणाले. आणि तारीख लिहून ठेवली.

धाकटी हिरवी साडी नेसून आजीच्या पानावर बसली. तिचे खांदे अगदी आजीसारखे, फोटोतल्या. माझ्या जागी बसली याचा राग नव्हता. ज्या बाईच्या नावाने जेवतोय ती कशाने गेली हेच तिला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो समोर बसून आमसुलाची चटणी चाटत होता. मी तिची खीर संपायची वाट पाहिली. एवढी दया ठेवली, ती तिच्यासाठी.

काकू ओटीचं ताट घेऊन आल्या आणि काकांनी विहीणबाईंकडे वळून नेहमीचं सुरू केलं, "आमच्या घरातल्या बायका फार भाग्यवान..."

"काका, आजी कशाने गेली ते सांगा ना त्यांना."

"आता जेवताना कशाला?"

"बरं. मग मी सांगते."

आणि सांगितलं. आजी, दोघी आत्या, मी. शेवटी काका. आवाज चढवला नाही, भाजीचे भाव सांगतात तसं सांगितलं. "काकांकडे हा बिघाड आहे. म्हणजे हिच्याकडे असण्याची शक्यता निम्मी. काकांना हे हिच्या लग्नाआधीपासून माहीत आहे."

काकूंच्या ताटातला नारळ गडगडला आणि त्यांनी तो हाताने अडवला. विहीणबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"व्याही, तुम्ही मूळव्याध म्हणाला होतात."

काकांनी पाण्याचं भांडं उचललं.

"मी साखरपुड्यापासून तुम्हाला सुरणाची भाजी पाठवत होते. दर गुरुवारी. हाताला खाज सुटायची."

ते वाक्य मी अजून पुरवून पुरवून खाते. काकांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, तो मला हवा तेव्हा समोर आणता येतो. केमोच्या खुर्चीत बसून मी याच चेहऱ्याची कल्पना करत असे. प्रत्यक्षात तो जास्त चांगला निघाला.

धाकटी म्हणाली, "बाबा, ताई म्हणते ते खरं आहे?"

"मी सांगणारच होतो."

मग ती माझ्याकडे वळली. हे मी गृहीत धरलं नव्हतं. "ताई, तुला कधी कळलं, बाबांना माहीत होतं ते?"

"उन्हाळ्यात."

"मग मला फोन का नाही केलास? माझा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"त्यांनी सांगायला हवं होतं. मी त्यांना वेळ दिला."

"वेळ माझा होता तो," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी आपापसात वाटून घेतलात." ती उठली, हात धुतला आणि ओटी न घेताच निघाली. सासूबाई तिच्या मागोमाग गेल्या. दारातून वळून मला म्हणाल्या, "रक्त कुठे द्यायचं ते मला कळवा." काका पानावरच बसून होते. "झालं समाधान?" त्यांनी विचारलं. मी त्यांना वड्यांचं भांडं पुढे केलं.

झालं होतं समाधान. खोटं कशाला बोलू? काकांना माफ करायचं माझ्या कुठल्याच यादीत नाही, नव्हतं.

त्यानंतरची कामं मी भराभर उरकली. बिबवेवाडीच्या आतेभावाने रक्त दिलं, त्याच्यात काही निघालं नाही. लोणी काळभोरचा म्हणाला, "ताई, आम्ही शेतात राबणारी माणसं, धडधाकट हाय." त्याला म्हटलं, तुझी आईही खुरपं टाकून थेट दवाखान्यात गेली होती. तेव्हा आला. त्याच्यात निघालं. त्याची आतड्याची दुर्बिणीची तपासणी वेळेवर झाली आणि आता तो मला दर सणाला गूळ पाठवतो.

धाकटी माझा फोन उचलत नाही. तिच्यासाठी मी दोनदा वेळ घेतली, दोन्ही वेळा लॅबच्या बाकावर जाऊन बसले. तिच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मी तिला रोज सांगते. ती म्हणते, ताईने ठरवलेल्या दिवशी मी कुठेच जाणार नाही. तुमच्याच घरची आहे हो, शोभते."

बाकी सगळ्या कामांवर रेघ मारून झाली आहे. धाकटीचं रक्त अजून द्यायचं आहे.