सहा वर्षं झाली, तरी फादर नाही

माझा धाकटा भाऊ कुमार डीकन झाला, त्याला गेल्या महिन्यात सहा वर्षं झाली. त्या दिवसाचं मला आठवतं: बिशपांपुढे जमिनीवर पालथा पडला, आणि उठताना गुडघ्यांमुळे दोघांना हात द्यावा लागला. डीकन म्हणजे फादरच्या खालची पायरी. संसारी माणूसही होऊ शकतो. बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, माती देतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करत नाही, आणि पापनिवेदन ऐकून माफी देऊ शकत नाही. हे मला पाठ आहे, कारण नसरापूरच्या बाजारात तो भेटेल त्याला हेच समजावतो. भाजीवाला ‘फादर, मेथी घ्या’ म्हणाला, तरी आधी दुरुस्ती, मग मेथी. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. सख्ख्या मामालाही तिकीट फाडलं.

या महिन्यात एका दुपारी मी वरव्याहून त्याच्याकडे जेवायला गेले होते. त्याच्या बायकोने, रत्नाने, ताटं वाढली आणि फोन वाजला. वेल्ह्याच्या पुढच्या गावातून आमच्या चर्चची अश्विनी बोलत होती. "सासूबाईंचं काय खरं न्हाई. पापनिवेदन करायचं म्हणत्यात. लवकर या."

आमच्या चर्चचे फादर पानशेतला एका नव्या घराला आशीर्वाद द्यायला गेलेले, मोबाईल लागेना. रत्नाला ‘लावत राहा’ सांगून कुमार जीपकडे निघाला. मीही उपाशीच बसले शेजारी.

सासूबाई म्हणजे फुलाबाई. वय नव्वद, गाल खोल गेलेले, आवाज मात्र शाबूत. "आलास व्हय फादर? बाकीच्यांनी भाईर जा."

"फुलामावशी, मी फादर न्हाई. डीकन हाय. माफी द्यायचा अधिकार मला न्हाई."

मी त्याला दाराबाहेर ओढलं. "हो म्हण, ऐकून घे, डोक्यावर हात ठेव. मरणाऱ्या बाईला नियम कसले सांगतोस?"

"ताई, तिला खरी माफी हवीय."

आत गेलो तर फुलाबाईंनी सगळं ऐकलेलं. "मंग तुजा उपेग काय रं?"

"फादर येईस्तोवर बसतो."

"आन् मी त्याच्या आदी गेले तर?"

"देवाला ठावं हाय तुमी वाट बघत हुता."

"देवाचं ऱ्हाऊ दे. मला मानसाच्या तोंडून ऐकायचंय."

सव्वातीनला त्यांचा श्वास अडखळला. मी कुमारकडे पाहिलं. शर्ट घामाने भिजला होता, हातात म्हातारीचा हात. तोंडाने प्रार्थना सांगत होता आणि ती ओठ हलवत होती. पण ‘मी फादर आहे’ एवढे तीन शब्द त्याच्या तोंडून निघेनात. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

पावणेपाचला फादर आले. रत्नाचा फोन अखेर लागला होता. चाळीस मिनिटं दार बंद. मग आम्हाला आत बोलावलं, आणि ख्रिस्तप्रसादाची भाकर तूच दे, असं फादर कुमारला म्हणाले.

फुलाबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. "ह्ये तरी जमतंय का?"

"जमतं, मावशी."

"मंग दे."

रविवारी त्या गेल्या. माती कुमारनेच दिली.

फुलाबाई सव्वातीनलाच गेल्या असत्या तर, हे मी त्याला फोनवर रोज विचारते. काल म्हणाला, "मलाही झोप लागत नाही, ताई. पण पुन्हा तसंच सांगेन." अशा माणसाशी काय बोलायचं? मी फोन ठेवला.