जित्या बाईची तेरवी

"आजोबा, उठा. हा तमाशाचा फड नाही."

अमरावतीच्या नाट्यगृहात, भर खेळात, खादीचा झब्बा घातलेल्या एका माणसानं माझ्या तोंडावर बॅटरी मारली. नाटक बसवणाऱ्या मंडळाचा कोणी मोठा माणूस होता. मी हसलो होतो. मोठ्यानं. सारं सभागृह डोळे पुसून राहिलं होतं आणि मी हसलो. पुढच्या रांगेतली बाई वळून पाहत म्हणाली, "कोण पास देतं अशा लोकांना?"

अशा लोकांना.

पास माझ्या पोरीनं आणला होता. मित्रा तिचं नाव, इथं सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिची आई, माझी विमल, उन्हाळ्याच्या तोंडावर गेली. मी अकोल्याच्या खोलीत भिंतीकडे पाहत बसतो, म्हणून पोरीनं बोलावून घेतलं. "बाबा, नाटक पाहा, मन रमेल." आता ती मान खाली घालून बसली होती. त्या माणसानं माझा दंड धरला. म्हातारपणी, पोरीसमोर, दंडाला धरून बाहेर काढलं मला.

मन तसंही रमणार नव्हतं. विमलचा भाऊ वसंता रविवारी गावाला बोलावून राहिला होता, समेट करायला. जावं का न जावं, हेच डोक्यात घेऊन मी खुर्चीत बसलो होतो.

हसलो काहून, ते सांगतो.

नाटक परदेशातलं. फार जुनं. दोन खानदानी घरं, पिढ्यांचं वैर. एका घरचा पोरगा, दुसऱ्या घरची पोरगी. एक साधूबुवा चोरून त्यांचं लग्न लावतो. इकडे बाप तिचं दुसरीकडे ठरवतो, तेव्हा ती साधूबुवानं दिलेलं कसलंसं औषध पिऊन मेल्यासारखी पडते. मेलेली नसते. पण घरचे छाती पिटतात. लग्नासाठी आणलेले हार तिच्या अंगावर टाकतात.

तो हार पडला आणि मी हसलो. हसता हसता डाव्या बाजूला वळलो, विमलला कोपर मारायला. खुर्चीत मित्रा होती.

आमचं गाव दर्यापूरकडचं. विमल फुलमळ्यावाल्या माळ्याची पोरगी. आम्ही बौद्ध, गावाच्या दुसऱ्या टोकाचे. ती शेवंती तोडायची, मी टोपल्या जीपवर चढवायचो. एक दिवस टोपल्यांसोबत आम्ही दोघंही गेलो. अकोल्याला लग्न केलं, जुन्या शहरात खोली घेतली, मी बाजारात हमाली धरली. मागं गावात तिच्या काकांनी माझ्या बापाचा हात मोडला. आमच्या वस्तीला विहीर बंद झाली. आणि तिच्या बापानं विमलची तेरवी घातली. जित्या पोरीची. फोटोला शेवंतीचा हार. ज्या वाफ्यात ती निंदायची, त्याच वाफ्यातली शेवंती.

हे आम्हाला सखूबाईनं सांगितलं. गावची फुलवाली, अकोल्याच्या बाजारात यायची. "विमे, तुही तेरवी झाली वं. सारं गाव जेवलं."

विमल विचारते, "गोड काय होतं?"

"बुंदी."

"बुंदी? बापाले ठाऊक होतं ना वं, मले जिलबी आवडते म्हणून!"

आणि हसली. हसताना रडली, मग पुन्हा हसली. मग जन्मभर तेच. पाहुणा आला की, "मेलेल्या बाईले चहा मांडाले लावता का?" चतुर्थीला शेजारणीनं विचारलं तर, "मेलेल्या माणसाले उपास नसते, बाई." माझ्याशी भांडताना तर हमखास, "लाज नाही वाटत? मेलीसोबत भांडता?"

त्या हसण्यावर आम्ही संसार काढला. ते सभागृहातल्या लोकांना कुठून समजणार. काहून हसलो, असं मला कोणी विचारलंही नाही. आधी दंड धरला.

शेवटाला मी गुपचूप आत येऊन मागं उभा राहिलो. नाटक कसं आहे म्हणाल, तर पोरांनी कामं झकास केली. ती पोरगी तर जीव लावून बोलत होती. साधूबुवाला मात्र अक्कल नाही. पोरगी जिती आहे, हा एवढा जिवावरचा निरोप पोराला धाडायचा, आणि न्यायला माणूस एकच! आमची सखूबाई बरी, तिचा निरोप कधी चुकला नाही. निरोप चुकतो आणि दोघंही मरतात. मग दोन्ही बाप मढ्यांवर हातात हात देतात. एकमेकांच्या लेकरांचे सोन्याचे पुतळे करू म्हणतात. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात.

आम्ही मेलो असतो तर आमच्यावरही नाटक झालं असतं. आम्ही जगलो. तेलमीठ आणलं, पोरगी शिकवली. आमच्यासाठी कोण रडते!

मग चर्चा झाली. खादीवालाच माइकवर. "चूक दोन्ही घरांची होती. दोघांनी एकेक पाऊल मागं घेतलं असतं, तर ही पोरं वाचली असती. आपल्या समाजालाही हे लागू आहे."

मी मागून बोललो, "आमी कोणतं पाऊल मागं घ्यावं, साहेब? आमी तर आधीच भिंतीले टेकून होतो."

सगळ्या माना वळल्या. तो म्हणाला, "आजोबा, नाटकाबद्दल बोला."

"नाटकाबद्दलच बोलून राहिलो. हे दोन्ही घरचे सारखे. दोघांच्याही हातात तलवारी. त्याले वैर म्हणा. आमच्या हातात काय होतं? आमी खडा नाही फेकला. याले दोघांचं भांडण काहून म्हणता?"

"ज्यांना जास्त बोलायचंय त्यांनी लेखी द्यावं," तो म्हणाला आणि माइक दुसऱ्याकडे गेला. तर हे लेखी. चौथी शिकलेल्या माणसाचं आहे, तसंच वाचा.

आता वसंताचं. विमल गेल्यावर पुण्यानुमोदनाला, आमच्यातल्या श्रद्धांजलीच्या कार्याला, तो पहिल्यांदा माझ्या खोलीत आला. शेवंतीचा हार घेऊन. मी पाणी दिलं. "हाय आपल्याजवळ," म्हणाला, आणि पिशवीतून बाटली काढून प्याला. मग म्हणाला, "भाऊजी, झालं गेलं. एसटीच्या थांब्यावर ताईच्या नावाचा दगडी बाक बसवतो. तुमी रविवारी या, चार लोकांत हातात हात द्या. गाव पाहील."

बाकावर काय लिहिणार, विचारलं. विमल, आणि पुढं तिच्या बापाचं नाव.

"माझं?"

"दगडावर जागा कमी हाय, भाऊजी."

नाटकातला सोन्याचा पुतळा पाहिला आणि मला तो दगड दिसला.

घरी येताना मित्रा म्हणाली, "बाबा, मामा आहेत ना शेवटी. हात दिला तर आपलं काय जाते?" तिला मामाचं घर कधी मिळालं नाही. तिचं मन मला कळते. मी म्हटलं, "पोरी, आई जिती होती तोवर तुले मामा नव्हता. आई मेल्यावर मामा आला. त्याले तुही आई नाही पाहिजे, मढं पाहिजे."

ती रडली. मी समजूत घातली नाही.

मी रविवारी जाणार. हार नेणार नाही. त्या थांब्यावर चार लोकांत उभा राहून विचारणार, ती बुंदी कोणाकोणाच्या पोटात गेली? उभे राहा. वसंता, पहिले तू. तू लहान होता, पण जेवला होता. मोठ्यानं सांग, आमची बहीण जिती होती आणि आम्ही तिची तेरवी जेवलो. मग छिन्नी आण आणि त्या दगडावर तिच्या नावापुढं माझं नाव कोर. जागा नसेल तर तुझ्या बापाचं खोड.

हे होत नसेल, तर दगड उचलून घरी ने. माझा हात मागू नको.