दाबून भरलेला बर्फ

आमची पोस्ट उत्तरेत, बर्फात होती. आठ जवान, दोन झोपड्या, एक रेडिओ सेट. जिम खाली बेसला. वर डंबेल कोण नेणार? म्हणून हाताशी असलेल्या सामानावर पीटी व्हायची. रेशनची गोणी पाठीवर घेऊन बैठका. क्रेटवर पाय टेकून पुशअप्स. आणि रॉकेलचे रिकामे जेरीकॅन बर्फाने भरून, एकेका हातात एक धरून उभं राहायचं. पकड त्यानेच तयार होते.

हे सगळं नाईक दत्तू म्हात्रे याने बसवलं होतं. तो पनवेलजवळच्या नेरे गावचा, मी पनवेल शहरातला, म्हणून मला ‘शेरवाल्या’ म्हणायचा. कॅनमधला बर्फ फावड्याच्या दांड्याने दाबून भरायचा, हा त्याचा नियम. दाबला की कॅन दगडासारखा जड होतो. मी भुसभुशीत बर्फ तोंडापर्यंत भरायचो. दिसायला दोन्ही सारखेच.

“शेरवाल्या, तुजा हात थरथरत कसा नाय रं?”

“तांदळाची भाकरी खातो.”

“ती तं मी लानपनापासून खातो. मंग माजा का थरथरतो?”

एका सकाळी हेलिकॉप्टरने टाकलेलं औषधांचं पार्सल उताराखाली घरंगळलं. दत्तूने बर्फात खुंटी ठोकली, दोर बांधला आणि उतरू लागला. दोर सांभाळायला मी खडकाआड बसलो. ऊन चढलं होतं. खुंटीभोवतीचा बर्फ फुटला आणि ती निघाली. सगळा भार माझ्या हातांवर आला. खाली मोठी भेग होती. दत्तू तिच्या काठावर लटकत होता.

पोस्टवरच्या संतरीला तो दिसत होता, मी दिसत नव्हतो. त्याला वाटलं, दत्तू कडेला अडकलाय. माझ्या छातीवरच्या वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला, “पार्टी निकल चुकी है. म्हात्रे को बोलो, हिलना नहीं.”

मी ओरडून सांगितलं. खालून उत्तर आलं, “नाय हालत. तू धर फकस्त.”

धरलं. मग माझी बोटं उघडली. मदतीची पार्टी तोवर समोरच्या वळणावर आली होती.

दत्तूच्या मृत्यूच्या चौकशीत मी म्हणालो, “खुंटी निघाली, सर. त्याच झटक्यात दोर गेला.” खुंटी दत्तूने ठोकलेली. चूक त्याच्या नावावर गेली.

मी निवृत्त होऊन पनवेलला परतलो, म्हातारा झालो. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीचं जिम दुरुस्तीसाठी बंद झालं. मंडळी माझ्याकडे आली. मी गच्चीवर घरातल्या वस्तूंनी व्यायाम शिकवू लागलो: पाण्याचे कॅन, पिठाची पिशवी, खुर्ची, टॉवेल. ‘हवालदारकाकांची पीटी’ असं नावही पडलं. एक दिवस शेजारच्या शिंदेबाईंच्या पिशवीत पिठाऐवजी उशी निघाली.

“काका, दिसायला भरलीय ना? झालं मग!”

सगळे हसले. मी वर्ग तिथेच थांबवला. पीटी माझी नाही, दत्तू म्हात्रेची आहे, एवढं सांगितलं. बाकीचं त्यांना आधी सांगणं बरोबर नव्हतं. दुसऱ्या दिवशी रिक्षाने नेऱ्याला गेलो.

दत्तूची बायको ओटीवर वाल सोलत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बर्फ, दोर, बोटं. तिचे हात थांबले.

“मना सांगला व्हता, खुंटी कच्ची ठोकली त्यानं,” ती म्हणाली. “मी कवाच मानला नाय. या मानसानं बैलाची खुंटी कदी कच्ची ठोकली नाय, तं तिथं ठोकंल?”

“नाही, वहिनी. पक्की ठोकली होती.”

तिने वालाचं सूप बाजूला सारलं. म्हणाली, “भावजी, येवरा सांगाला तुमी म्हातारं व्हायाची वाट बगली?”

तिने बसा म्हटलं नाही. पाणी मात्र दिलं.

युनिटला मी आता सगळं लिहून कळवलं आहे. उत्तर येईल तेव्हा येईल.

दत्तू तरुण गेला. माझे गुडघे दुखतात, जिना चढताना मी थांबतो. तो असता तर त्याचेही दुखले असते. शेजारी बसून त्याने ती तक्रार केली असती. ती मला ऐकायची होती.