ग्लायडरचा दुसरा पंख

आमच्या घरात पत्रकं आधी आली, पुस्तकं नंतर. वडील परतूरला शिक्षक. सभांची पत्रकं त्यांच्या पिशवीत कायम असायची, मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकले. त्यामुळे जालन्याबाहेरच्या धावपट्टीवर ग्लायडर शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, पत्र्याच्या हँगरमध्ये एकट्या शेठचं विमान का? आम्ही सगळी पोरं ज्या एकाच ग्लायडरवर शिकायचो, ते बिनइंजिनाचं, लाकूड-कापडाचं यंत्र बाहेर दोरांनी बांधलेलं असायचं. ते मोडलं असतं तर आमचं शिकणंच संपलं असतं.

बंगालच्या उपसागरातलं वादळ संध्याकाळपर्यंत आपल्याकडे पोचेल, असा दुपारी फोन आला. एमआयडीसीवरचं आभाळ तोवर शिशासारखं झालं होतं. शेठ, म्हणजे नवीन जालन्यातले बियाण्यांचे व्यापारी, ड्रायव्हरला घेऊन आपलं विमान पाहायला आले होते.

"तुमचं विमान बाहेर बांधा," मी म्हणाले. "ते धातूचं आहे, सोसेल. आमचं फाटेल."

"ए पोरी, हँगरचं भाडं मी भरून राह्यलो."

"जमीन सरकारची आहे. म्हणजे आमचीही. मी पत्रक काढणार आहे."

"सभा नंतर घ्या," आम्हाला शिकवणारे सर ओरडले. "पंख काढा. शेठच्या विमानाखाली मावतील."

ग्लायडरचे पंख सुटे होतात. टोकाशी उभ्या माणसाने पंख बेताने उचलून धरला की मुळाशी असलेली लोखंडी खीळ ढिली होऊन निघते. हात थोडा जरी हलला तरी ती पुन्हा अडकते. पहिला पंख सहज निघाला. वॉचमनमामांनी घरून आणलेल्या गाद्यांवर आम्ही तो ठेवला.

दुसऱ्या पंखाला हात घातला आणि वारा आला. एकच पंख उरलेलं ग्लायडर आता एका अंगावर कलत होतं. सर आणि मामा त्याच्या धडाला अक्षरशः लटकले. बाकीची पोरं त्या दिवशी आलीच नव्हती, म्हणून टोकाशी शेठ, खिळीशी मी. ड्रायव्हर हँगरचं सरकतं दार धरून उभा होता. ते उघडं ठेवणं भाग होतं, कारण पंख तिथूनच आत जायचा होता.

वारा त्याच दाराने आत घुसला. शेठचं विमान दोरांना हिसके द्यायला लागलं.

"शेठ, आपलं विमान हलून राह्यलंय! दार लावू का?"

शेठनी मान वळवून पाहिलं. खीळ माझ्या हातात अर्धीच आली होती.

"दार लागलं तर पंख बाहेर राहील!" मी ओरडले. "हलू नका!"

आत काहीतरी धाडकन आपटलं. शेठचा चेहरा पांढरा पडला. पण टोक हललं नाही.

"शेठ, लावू का?"

"न्हाई! ए पुढारी, काढ ना जल्दी!"

खीळ निघाली. पंख घेऊन आम्ही धावलो, वारा तो आमच्या हातातून ओढत होता. आत शिरलो, दार लावलं. मग पोती आणि दोर घेऊन सर्वांनी धड जमिनीला बांधलं, तेवढ्यात पाऊस कोसळला.

सकाळी पाहिलं तर ग्लायडर शाबूत होतं. शेठच्या विमानाचं शेपूट मात्र दोर तुटल्याने खांबावर आपटून चेपलं होतं. शेठ त्या पोच्यावरून बोटं फिरवत उभे होते. मी आभार मानले.

"मंग आता पत्रक काढणार न्हाईस ना?"

"काढणार."

तेव्हा त्यांना ते लागलं असणार. पण मी दुसरं काय सांगणार होते? पुढच्या वादळात टोकाशी कोण असेल, तो दाराकडे पाहून हात सोडेल की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. एखाद्याच्या चांगुलपणावर बाकीच्यांचं शिकणं टांगून ठेवता येत नाही.

पत्रकात मी हँगर सगळ्यांचं असावं असं लिहिलं. त्या दिवशी पंख कोणी धरला आणि त्यापायी कोणाचं विमान चेपलं, तेही लिहिलं. पहिली प्रत शेठना दिली. त्यांनी ती उभ्याने वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "विमान जरा भिंतीकडं सरकव. बघू दे, ग्लायडरला किती जागा होते ते."